किडनी कोणी द्यायची, हे ठरवण्याआधी

पत्र थोडक्यात: ३३ वर्षांच्या एका ताईंनी लिहिलं आहे. त्या नागपुरात मनीषनगरला राहतात, नोकरी करतात, त्यांना पाच वर्षांची मुलगी आहे. आईवडील उमरेडला. वडील ६१ वर्षांचे, एसटीत ड्रायव्हर होते, आता निवृत्त. अठरा वर्षांपासून त्यांना मधुमेह आहे. गेल्या महिन्यात त्यांचं क्रिएटिनिन (किडनी थकली की रक्तात वाढणारा घटक) ५.४ आलं, ईजीएफआर (किडनी किती काम करते याचा अंदाज) ११. किडनीच्या डॉक्टरांनी सांगितलं की डायलिसिस आणि ट्रान्सप्लांट, दोन्हीची तयारी ठेवा आणि हातात फिस्टुला (डायलिसिससाठी शीर तयार करण्याचं छोटं ऑपरेशन) करून घ्या. वडील म्हणतात, "मले हातावर कापाकापी नाही पायजे." आई ५६ वर्षांची, रक्तगट ओ, बीपीची एक गोळी चालू. ती म्हणते, "माही घ्या, पण पोराले हात लावू नका, त्याचं लग्न व्हायचं आहे." हा भाऊ २९ वर्षांचा, पुण्यात असतो. ताईंचा रक्तगट वडिलांसारखाच बी आहे आणि आपणच किडनी द्यावी असं त्यांच्या मनात आहे. पण दुसऱ्या मुलाचा विचार चालू आहे, नवरा गप्प आहे आणि सासूबाईंनी "आमच्या घरातून परवानगी मिळणार नाही" असं बजावलं आहे. दरम्यान एका नातेवाइकाने काटोलकडच्या वैद्याची पुडी आणून दिली आहे. ताई विचारतात: "बाबांना डायलिसिस लागू द्यायचं नाही. त्याआधी ट्रान्सप्लांट उरकायचं आहे. मी किडनी दिली तर माझं घर मोडेल का? नाही दिली तर मुलगी म्हणून मी कमी पडले का?"

ताई,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य आधी हातात घेते, कारण बाकीची सगळी घालमेल त्यातूनच निघाली आहे. "बाबांना डायलिसिस लागू द्यायचं नाही." हे वाक्य मुळात तुमच्या मावशींचं आहे. "एकदा लागलं का सुटत नाही बापा," असं त्या म्हणाल्याचं तुम्हीच लिहिलंय. मावशी खोटं बोलत नाहीत, त्यांनी पाहिलं ते सांगितलं. आपल्याकडे पुष्कळ घरांनी डायलिसिस असंच पाहिलं आहे: अंगावर सूज, धाप लागलेला माणूस, रात्री-बेरात्री दवाखान्यात धावपळ, मानेत नळी, आणि महिन्या-दोन महिन्यांत सगळं संपलेलं. मग दोष मशीनला लागतो. खरं तर तो माणूस मशीनपर्यंत फार उशिरा पोचलेला असतो.

डायलिसिसची सवय लागत नाही. मधुमेहाने अठरा वर्षांत झिजवलेली किडनी परत येत नाही, म्हणून तिचं काम कुणाला तरी करत राहावं लागतं, इतकंच. गॅस्ट्रो, मलेरिया, सर्पदंश, बाळंतपणातला रक्तस्राव अशा कारणांनी एकाएकी किडनी बंद पडलेल्या कितीतरी लोकांचं डायलिसिस काही आठवड्यांत सुटतं, कारण त्यांची किडनी पुन्हा काम करू लागते. बाबांच्या बाबतीत तशी आशा धरू नका. पण ईजीएफआर ११ म्हणजे उद्या सकाळी मशीन, असंही नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये ८२८ रुग्णांवर झालेला एक मोठा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. आकड्याकडे बघून लवकर डायलिसिस सुरू केलेले आणि लक्षणं दिसेपर्यंत डॉक्टरांच्या नजरेखाली थांबलेले, या दोन गटांच्या आयुर्मानात त्यात फरक आढळला नाही. म्हणून आता बहुतेक डॉक्टर आकड्यासोबत माणूस बघतात. सारखी मळमळ, जेवणावरची वासना उडणं, आडवं झाल्यावर दम लागणं, गोळ्यांनी न उतरणारी सूज, अंगाची खाज, रक्तातलं पोटॅशियम चढणं. यातलं काही दिसू लागलं की मग थांबायचं नाही.

म्हणजे तुमच्या हातात थोडा वेळ आहे. किती, ते कुणी छातीठोकपणे सांगणार नाही. काही आठवडे असेल, काही महिनेही असू शकतात. हा वेळ "किडनी कोणाची" या भांडणात गेला तर फार वाईट वाटेल मला.

फिस्टुलाबद्दल बोलते, कारण इथे माझी स्वतःची जखम आहे. माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, यांनाही डॉक्टरांनी फिस्टुला सांगितला होता. तेही नाहीच म्हणाले, आणि आम्ही "त्यांची मर्जी" म्हणून सोडून दिलं. फिस्टुला म्हणजे नक्की काय, हे त्या दवाखान्यात आम्हाला कुणी पाच मिनिटं बसून समजावलं नाही. आम्हीही विचारलं नाही. मग मे महिन्यातल्या एका रात्री त्यांना श्वास घेता येईना. घाईघाईत मानेत कॅथेटर घालून डायलिसिस केलं. दहा दिवसांनी त्याच नळीतून जंतुसंसर्ग झाला, हुडहुडी भरून ताप आला, आयसीयू झालं. ते वाचले. नंतर फिस्टुलाही झाला आणि त्यावर पुढे सहा वर्षं काढली. पण ते तीन आठवडे टाळता आले असते, हे माझ्या मनातून गेलेलं नाही.

तर बाबांना सांगा: फिस्टुलात मनगटाजवळ किंवा कोपराजवळ एक शीर आणि एक धमनी जोडतात. बहुधा हाताचा तेवढा भाग बधिर करून होतं. रक्ताचा जोर मिळाला की शीर हळूहळू जाड होते आणि डायलिसिसच्या मोठ्या सुया झेलू लागते. याला साधारण सहा आठवडे ते तीन महिने लागतात, म्हणूनच तो गरज पडण्याआधी करायचा असतो. फिस्टुला केला म्हणजे डायलिसिस सुरू झालं असं नाही. जेवायचा हात उजवा असेल तर फिस्टुला शक्यतो डाव्या हातात करतात, म्हणून डाव्या हाताच्या शिरा आतापासून राखायच्या: तिथून रक्त काढू द्यायचं नाही, सलाइन लावू द्यायचं नाही. बाबांनी आयुष्यभर गाडी चालवली. उतारावर ब्रेक आधीच तपासून ठेवायचे असतात, हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं कळतं. त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोला.

आता डायलिसिसविषयी. ते दोन प्रकारचं असतं, आणि तुमच्या पत्रात एकाचाच उल्लेख आहे. मशीनवरचं, म्हणजे हिमोडायलिसिस, आठवड्यातून तीनदा, दर वेळी चारेक तास. पैशापायी किंवा अंतरापायी आपल्याकडे अनेक जण दोनदाच करतात, पण तिसरी फेरी गाळायची की नाही हे डॉक्टरांनी ठरवायचं असतं, एसटीच्या वेळापत्रकाने नाही. उमरेडहून नागपूर पंचेचाळीसेक किलोमीटर. आठवड्यातून तीनदा जा-ये केली की त्या दिवशी माणूस थकून जातो, दुसरा दिवस सावरण्यात जातो. म्हणून उमरेडमध्ये किंवा वाटेत कुठे सेंटर आहे का, तिथे जागा आहे का, याची चौकशी आत्ताच करा. हिपॅटायटिस बीची लस सुरू झाली का, तेही विचारा. किडनीच्या रुग्णांना ती जास्त मात्रेत देतात आणि पूर्ण व्हायला काही महिने लागतात, त्यामुळे आधीच सुरू केलेली बरी.

दुसरं पोटाचं डायलिसिस, पेरिटोनियल, ज्याला सेंटरमधले लोक सीएपीडी म्हणतात. पोटात एक मऊ नळी कायमची बसवतात. त्यातून दोनेक लिटर द्रावण आत सोडायचं, काही तास ठेवायचं, मग काढून नवं भरायचं. दिवसातून तीन-चार वेळा, प्रत्येक वेळी अर्धा तास. घरीच होतं, सुई लागत नाही, प्रवास नाही, आणि पथ्य थोडं सैल असतं. अडचणीही खऱ्या आहेत. हात धुण्यात हयगय झाली की पोटात जंतुसंसर्ग होतो. द्रावणात साखर असते, त्यामुळे मधुमेह सांभाळावा लागतो. पिशव्यांचा खर्च येतो आणि त्या ठेवायला कोरडी जागा लागते. पण उमरेडला राहणाऱ्या, घरात जागा असलेल्या, बायको हुशार आणि टापटिपीची असलेल्या माणसासाठी हा पर्याय विचारायचासुद्धा नाही, हे मला पटत नाही. डॉक्टरांनी आपणहून काढला नाही तर तुम्ही काढा: "आमच्या बाबांना पोटाचं चालेल का? नसेल तर का नाही?" पोटाची जुनी मोठी ऑपरेशनं, हर्निया, नजर अधू असणं अशी कारणं असू शकतात. ती कळली तरी पुरे.

ट्रान्सप्लांट. इथे तुमचं म्हणणं चुकीचं नाही, हे आधी मान्य करते. योग्य रुग्णाला ट्रान्सप्लांटने डायलिसिसपेक्षा जास्त आणि बरं आयुष्य मिळतं. डायलिसिस लागण्याआधीच ते झालं तर उत्तमच. पण "योग्य रुग्णाला" हा शब्द तुमच्या घरात कुणी उच्चारलेलाच दिसत नाही. आई तयार, तुम्ही तयार, सासूबाई विरोधात, भावाला वगळलेलं. एवढी मोठी लढाई पेटली आहे, आणि बाबांचं शरीर ट्रान्सप्लांट झेलेल का, हे अजून कुणी तपासलेलंच नाही! अठरा वर्षांच्या मधुमेहात हृदयाच्या धमन्या, पायांच्या रक्तवाहिन्या, डोळ्यांचे पडदे यांच्यावर काय परिणाम झालाय ते आधी बघावं लागतं. इको, बहुधा अँजिओग्राफी, दातांची तपासणी, क्षयाची तपासणी. यात हृदयाचं काही निघालं तर आधी त्याचं करावं लागेल. कदाचित डॉक्टर म्हणतील, ट्रान्सप्लांटचा धोका फायद्यापेक्षा मोठा आहे. तसं झालं तर तुमचं अर्धं पत्र आपोआप गळून पडतं. म्हणून क्रम बदला. पहिल्यांदा घेणारा, मग देणारा.

बाबा योग्य ठरले तर मग देणाऱ्याचं बघू.

आई देते म्हणते, आणि ते सगळ्यांना इतकं स्वाभाविक वाटलं की तिच्या तपासण्यांचं नावही पत्रात नाही. आपल्या देशात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बहुसंख्य बायका आहेत आणि घेणाऱ्यांत बहुसंख्य पुरुष. आई, बायको, बहीण देते. नवऱ्याला, मुलाला, भावाला मिळते. हे प्रेमच आहे, मी ते कमी लेखत नाही. पण "तीच देणार" हे जिथे न विचारता ठरतं, तिथे थांबून विचारावं लागतं. आईचं बीपी एका गोळीवर आटोक्यात असेल आणि लघवीत प्रथिनं जात नसतील, तर काही ठिकाणी तिला घेतात, काही ठिकाणी नाही. तिची साखर, तिची किडनी, तिचं हृदय नीट तपासलं जाऊ द्या. आणि तिला एकटीला विचारा: "तुला भीती वाटते का?" ऑपरेशननंतरचे पहिले दोन महिने बाबांची शुश्रूषा कोण करणार, आणि आईची कोण? एकाच आठवड्यात दोघंही खाटेवर असतील.

भावाबद्दल एक साधी गोष्ट. वडील बी आणि आई ओ, त्यांच्या पोटी मूल बी किंवा ओच होतं. म्हणजे रक्तगटाच्या हिशेबाने तुमच्या भावाची किडनीही बाबांना चालते. क्रॉसमॅच (दोघांचं रक्त एकमेकांशी जुळतं का ते बघणं) वगैरे पुढच्या तपासण्या सगळ्यांनाच कराव्या लागतात. तेव्हा "तो जुळत नाही" हे कारण नाही, "त्याचं लग्न व्हायचं आहे" हे कारण आहे. एका किडनीवर माणूस लग्न करतो, नोकरी करतो, पोरं वाढवतो. उरलेली किडनी थोडी मोठी होऊन दोन्हींच्या मिळून सुमारे ७० टक्क्यांपर्यंत काम उचलते. तरी भावाने द्यावी असं मी म्हणत नाही. तो आणि तुम्ही दोघंही मधुमेही बापाची लेकरं आहात आणि दोघांपुढे अजून चाळीस-पन्नास वर्षं आहेत. तुम्हाला उद्या मधुमेह झाला तर दुसरी किडनी राखीव असणं मोलाचं ठरेल. म्हणूनच तरुण नातेवाइकांची किडनी घेताना डॉक्टर कचरतात. विदर्भात सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे, तेव्हा तुम्ही भावंडं वाहक आहात का, हीही तपासणी करून घ्या. माझं म्हणणं एवढंच की भावाला विचारलं गेलं पाहिजे. २९ वर्षांच्या माणसाला त्याच्या बापाच्या आजारातून वगळणं हे त्याच्यावर प्रेम करणं नाही. त्याला काय वाटतं हे तुम्हालाही माहीत नाही, पत्रात त्याचं एकही वाक्य नाही.

आता तुमचं. दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर ही माहिती तुमच्याजवळ असायला हवी: कॅनडातल्या एका अभ्यासात, २०१५ साली, किडनी दिलेल्या बायकांना पुढच्या गरोदरपणात बीपी वाढण्याचा त्रास ११ टक्के वेळा झाला, न दिलेल्यांना ५ टक्के वेळा. बहुतेकींची बाळंतपणं सुखरूप झाली, तरी धोका दुपटीच्या आसपास गेला. म्हणून दुसरं मूल हवंच असेल तर आधी मूल, मग दान, असा सल्ला तुम्हाला मिळू शकतो. स्त्रीरोगतज्ज्ञांना आणि ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना दोघांनाही हे विचारा.

सासूबाईंच्या "परवानगी"बद्दल. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने, आणि २०११ च्या दुरुस्तीनंतर, आईवडील, मुलं, भावंडं, नवरा-बायको, आजी-आजोबा आणि नातवंडं हे जवळचे नातेवाईक धरले जातात. तुम्ही मुलगी आहात, त्यात बसता. देणारी सज्ञान बाई स्वतः संमती देते, तिच्या नवऱ्याची संमती कायदा मागत नाही. वडिलांना किडनी देऊ इच्छिणाऱ्या एका विवाहितेकडून रुग्णालयाने नवऱ्याचं ना-हरकत मागितलं, तेव्हा २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केलं. उलट २०१४ च्या नियमांत देणारी बाई असेल तर जास्त काळजी घ्या, तिची स्वतंत्र संमती रुग्णाशिवाय दुसऱ्या व्यक्तीकडून पडताळून घ्या, असं सांगितलं आहे. हा नियम लिहिणाऱ्यांना आपली घरं चांगली माहीत होती.

पण कायदा तुमच्या बाजूने आहे म्हणून भांडून किडनी देऊ नका. नवऱ्याच्या गप्प बसण्याचा अर्थ तुम्ही "विरोध" असा लावलाय. मला त्यात त्यांची भीती दिसते. त्यांना डॉक्टरांच्या पुढच्या भेटीला सोबत न्या. ऑपरेशन सहसा दुर्बिणीतून होतं, देणारा बहुधा चार-पाच दिवसांत घरी येतो, दोन-तीन महिने जड उचलायचं नाही, वर्षातून एकदा तपासणी आयुष्यभर. हे त्यांनी स्वतः ऐकू द्या. पाच वर्षांच्या मुलीला तीन महिने उचलून घेता येणार नाही, तेव्हा कोण घेणार, हा प्रश्न त्यांनाच विचारा. उत्तर देताना माणूस मोकळा होतो.

आणि तुम्ही "नाही" म्हणू शकता, ताई. हे मी मोठ्या अक्षरांत लिहिलं असतं. मुलगी म्हणून कमी पडण्याचा इथे संबंध नाही. बाबांना तीन महिने दवाखान्यात नेणं-आणणं, त्यांच्या गोळ्यांचा हिशेब ठेवणं, योजनेच्या कागदांसाठी रांगेत उभं राहणं, हे शरीराचा तुकडा न देताही देणंच आहे. तपासण्या सुरू झाल्यावरही मन बदलता येतं, अगदी ऑपरेशनच्या आदल्या दिवशीसुद्धा. ट्रान्सप्लांट समन्वयकाला किंवा डॉक्टरांना एकटीने भेटायचंय असं सांगा आणि मनात आहे ते तिथे बोला. घरच्यांना काय आणि कसं सांगायचं, यात ते तुम्हाला साथ देऊ शकतात.

मेंदूमृत दात्याची किडनी हा मार्ग तुमच्या पत्रात नाहीच. नागपूरचं विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र, म्हणजे झेडटीसीसी, विदर्भातल्या रुग्णांची यादी ठेवतं. नोंदणी ट्रान्सप्लांट होत असलेल्या रुग्णालयातून होते. नागपुरात मेडिकलचं (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं) सुपर स्पेशालिटी, मिहानचं एम्स आणि काही खासगी रुग्णालयांत ट्रान्सप्लांट होतात. यादीत नाव सहसा नियमित डायलिसिस सुरू झाल्यावर लागतं, आणि किती काळ डायलिसिसवर आहे याला गुण असतात. म्हणजे ज्या डायलिसिसला तुम्ही दार लावून बसलाय, त्याच दारातून ही वाट जाते. नोंदणीसाठीची ६५ वर्षांची मर्यादा केंद्राने २०२३ मध्ये काढून टाकली, त्यामुळे बाबांना वयाची अडचण नाही. किडनी कधी मिळेल याची खात्री मात्र कुणी देत नाही. नाव लागलं तरी घरातला दाता देऊ शकतो, एकाने दुसरं अडत नाही. रक्तगट न जुळणाऱ्या घरांसाठी कायद्यात अदलाबदलीचीही सोय आहे: त्यांची किडनी यांच्या रुग्णाला, यांची त्यांच्या. तुम्हाला ती बहुधा लागणार नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला लागेल.

पैशाचं थोडक्यात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस आणि किडनी ट्रान्सप्लांट दोन्ही आहेत. वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे आणि आता सगळ्या रंगांच्या रेशनकार्डांना ती लागू आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं, तिथे रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा, किंवा १५५३८८ वर फोन करा. धर्मादाय रुग्णालयांत निर्धन आणि दुर्बल घटकांसाठी खाटा राखीव असतात, मुख्यमंत्री सहाय्यता निधीतूनही मदत मिळते. हिशेब करताना लोक ऑपरेशनचा आकडा धरतात आणि नंतरच्या गोळ्या विसरतात. शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, स्टेरॉइड यांतल्या गोळ्या बसवलेली किडनी चालेल तोवर रोज घ्याव्या लागतात. पैसे संपले म्हणून दोन महिने गोळ्या बंद केल्या आणि आईची किडनी गेली, असं कुठल्याही घरात होऊ नये. "ऑपरेशननंतर महिन्याला किती, आणि त्यातलं योजनेत काय?" हे कागदावर लिहून घ्या.

वैद्याची पुडी आजच बंद करा. मी आयुर्वेदाच्या विरोधात नाही. पण कशाची भुकटी आहे ते लिहिलेलं नाही, त्यात जड धातूंचं भस्म असेल तर ईजीएफआर ११ चा ५ व्हायला वेळ लागणार नाही. तसंच बाबांच्या गुडघ्यांसाठी मेडिकल स्टोअरमधून मिळणाऱ्या डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, एसिक्लोफेनॅक अशा गोळ्या. दुखतंय हे डॉक्टरांना सांगा, ते दुसरं देतील. "पाणी भरपूर प्या, किडनी धुऊन निघते" हा सल्लाही बाबांसाठी नाही. किती प्यायचं ते लघवी आणि सूज बघून डॉक्टर सांगतील, आणि आपल्या मे महिन्यात ते पाळणं फार अवघड असतं. मातीच्या माठाचं गार पाणी लहान पेल्यातून, घोट-घोट. आणि संत्री! उमरेडच्या घरात हंगामात टोपलीच येत असेल. संत्र्यात, नारळपाण्यात, केळ्यात पोटॅशियम भरपूर. रक्तात ते चढलं की हृदयाचा ठोका चुकतो. रिपोर्टमधलं पोटॅशियम बघून एखादी फोड चालेल की नाही ते आहारतज्ज्ञ सांगतील. कमरख (स्टार फ्रूट) मात्र कधीच नाही. किडनीच्या रुग्णाच्या मेंदूवर त्याचा विषासारखा परिणाम होतो. "कमी सोडियमचं" म्हणून मिळणाऱ्या मिठात काही सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, तेही नको. साधं मीठच, पण मोजून, आणि पापड-लोणचं ताटातून बाहेर. डॉक्टरांना न विचारता रक्त चढवू देऊ नका. हिमोग्लोबिनसाठी इंजेक्शनं असतात, आणि वारंवार रक्त चढवल्याने पुढे किडनी जुळणं अवघड होऊ शकतं.

ज्यांच्या घरात क्रिएटिनिन अजून दीड-दोनवर आहे, त्यांच्यासाठी एक परिच्छेद. मधुमेह किंवा बीपी असेल तर वर्षातून एकदा लघवीतल्या अल्ब्युमिनची आणि क्रिएटिनिनची तपासणी करा. सुरुवातीला काही दुखत नाही, म्हणून कुणी जात नाही. बीपीच्याच काही गोळ्या किडनीला संरक्षण देतात, आणि डॅपाग्लिफ्लोझिनसारखी मधुमेहाची औषधं किडनीची झीज मंदावतात, हे २०२० नंतरच्या मोठ्या अभ्यासांत दिसलं आहे. आपल्या माणसाला ती चालतील का, हे पुढच्या भेटीत विचारा. बाबांच्या आजाराच्या सुरुवातीला ही मधुमेहाची औषधं नव्हती.

शेवटी बाबा. तुमच्या सहा पानांत आई, मावशी, सासूबाई सगळ्या बोलतात. ज्यांचा आजार आहे ते एकदाच बोलतात, तेही "कापाकापी नको" एवढंच. त्यांना आईची किडनी हवी आहे का, हे कुणी विचारलंय? माझ्या भासऱ्यांनी मुलाची किडनी घ्यायला ठाम नकार दिला होता. आम्ही चार महिने त्यांच्या पाठीमागे चर्चा करत होतो, आणि त्यांचं उत्तर पहिल्या दिवसापासून तयार होतं. विचारल्यावर म्हणाले, "मला मशीन चालेल, पोराकडे बघून रोज अपराधी वाटलेलं चालणार नाही." त्यांच्यासाठी तेच बरोबर होतं. तुमचे बाबा वेगळं म्हणतील. कदाचित घाबरले असतील आणि "नको" म्हणजे "मला आधी समजावून सांगा" असं असेल. डायलिसिसवर चांगली चार-पाच वर्षं काढलेला त्यांच्याच वयाचा एखादा माणूस सेंटरमध्ये भेटेल, त्याच्याशी त्यांची गाठ घालून द्या. एसटीतला निघाला तर फारच छान. आपण समजावण्यापेक्षा ते अर्ध्या तासात जास्त ऐकतील.

भावाला या शनिवार-रविवारी उमरेडला बोलवा. सासूबाई, मावशी यांच्याशिवाय, तुम्ही चौघंच बसा. जेवण झाल्यावर बाबांना विचारा, "तुम्हाला काय पायजे?" आणि मग मधे कुणी बोलू नका, आईसुद्धा. जे ते म्हणतील ते एका वहीत लिहा, त्याखाली डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहा: हृदयाची तपासणी कधी, पोटाचं डायलिसिस चालेल का, लस, फिस्टुलाची तारीख. ती वही आणि सगळे जुने रिपोर्ट घेऊन डॉक्टरकडे जा. बाबांना पुढे बसवा, तुम्ही मागे. रक्त घ्यायला कुणी आलं, तर त्यांना उजवा हात पुढे करायला सांगा.